धुराच्या ऋतूतली मिनाको

परवा सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावून टाकली. समोरचा ब्लॉक जागेवर होता, पण फार वेळा धुतलेल्या चादरीवरच्या नक्षीसारखा फिकट. सूर्य वर आला होता आणि त्याच्याकडे डोळे न मिचकावता बघता येत होतं. मग वास आला. ओला पालापाचोळा कुणी अर्धवट पेटवून निघून जावं, तसा. मी ओटा पुसत होते, तो फडका हातातच राहिला. डोळे आणि कान निदान विचारून आठवणीत शिरतात. नाक हा अवयव फार आगाऊ.

सिंगापूरला ऋतू नाहीत असं इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या सहा महिन्यांत घरी कळवतो. मीही कळवलं होतं. बारा महिने तोच घाम, दुपारी तोच पाऊस. पण एक ऋतू आहे. तो पंचांगात नाही आणि दरवर्षी येतोच असंही नाही. समुद्रापलीकडच्या बेटांवर जंगलं पेटतात, दलदलीची जमीन आतल्या आत धुमसते, वारा फिरतो आणि धूर आमच्याकडे मुक्कामाला येतो. इथे त्याला हेझ म्हणतात. त्या दिवसांत जो तो तासातासाला फोनवर हवेचा आकडा बघतो, आपल्याकडे मॅचचा स्कोअर बघावा तसा.

"स्मेल लाइक बार्बेक्यू, लाह," माझी मुलगी इरा नाक दाबून म्हणाली. ती सात वर्षांची आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत येतं.

"आजी माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हाही असाच धूर होता," मी बोलून गेले.

इराने नाकावरचा हात काढला. "आजी साउंड लाइक व्हॉट, मम्मा? फेस आय रिमेंबर. व्हॉइस कॅनॉट."

आईला जाऊन दीड वर्ष झालं. मी आवाज खाली आणला, थोडा पुढच्या दातांतून सोडला आणि आईसारखं "इरूबाई, जेवलीस का?" असं म्हणून पाहिलं. इराने मान हलवली. "दॅट इज यू. नॉट आजी."

तिचं बरोबर होतं. मी पुन्हा प्रयत्न केला, मग बाथरूमचं दार लावून एकटीनेही करून पाहिला. जमलं नाही. माझ्याकडे आईचे फोटो आहेत, पत्रं आहेत, तिच्या हातच्या मसाल्याची चिठ्ठी आहे. आवाज नाही. एक सेकंदाचाही नाही. व्हिडिओ कॉल कुणी साठवून ठेवत नाही, आणि आवाजी मेसेज आईने कधी पाठवले नाहीत. ती एका बोटाने टाइप करायची. याचं कारण तिच्या स्वभावात होतं आणि थोडं तिच्या कामात.

आई पुण्यात एका बँकेत होती. बँकेचं नाटकमंडळ होतं. दरवर्षी स्पर्धेला एक नाटक उतरवायचं, संध्याकाळी बँक सुटल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये तालमी. आई तिथे एकोणीस वर्षं प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहायचं, हातात वही, नजर नटांवर, कुणी अडलं की हळूच वाक्य द्यायचं. रंगमंचावर ती एकदाही आली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझा आवाज तिसऱ्या रांगेला ऐकू गेला, तर मी कसली प्रॉम्प्टर?" हाच बाणा तिने घरीही चालवला. समारंभात फोटो काढायला ती, फोटोत बाकीचे.

हे सगळं मिनाकोमुळे आठवलं, की धुरामुळे मिनाको आठवली, ते आता सांगता येणार नाही. धूर आणि ती माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात आहेत.

नऊ वर्षांपूर्वी मी बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक होते, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करत होते. तोआ पायोहमध्ये अकराव्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटमधली एक खोली माझी, दुसरी मिनाकोची. घरमालकीण मुलाकडे राहायची. फ्रिजच्या एका खणात माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी, दुसऱ्यात तिच्या अर्ध्या कापलेल्या काकड्या. मिनाको जपानमधल्या एका लहान बंदराच्या गावातली, व्यवसायाने मॉडेल. एवढी उंच की दार पुरेसं मोठं असलं तरी सवयीने मान वाकवून आत यायची. त्या वर्षी आमच्या बस इंटरचेंजमध्ये तिची एक मोठी जाहिरात लागली होती, कसल्याशा क्रीमची. ती रोज संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन त्या जाहिरातीशेजारीच बसची वाट बघायची. कधीही, कुणीही तिला ओळखलं नाही.

"ओळखतील कसे? तिथे कुठे मी आहे? तिथे गाल आहेत," ती म्हणायची. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, म्हणजे मोडकं तिचं आणि तोडकं माझं.

सतराव्या वर्षी तिने काम सुरू केलं होतं. कॅटलॉगमधले कपडे, शाम्पू, घड्याळं. चौदा वर्षं झाल्यावर कामं कमी होऊ लागली, तेव्हा तिने अभिनय करायचं ठरवलं आणि ऑडिशन द्यायला लागली. एका ठिकाणी तिला सांगितलं, "तुम्ही सुंदर दिसता. पण तुम्ही प्रसंगात नसता. फोटो निघायची वाट बघत उभ्या असता." हे तिने मला हसत हसत सांगितलं आणि मग पाऊण तास एकच काकडी सोलत बसली.

त्यानंतर ती हट्टाला पेटली. कुणी काम देत नसेल तर आपली फिल्म आपण करायची. बारा मिनिटांची. लिहायची तिने, दिग्दर्शन तिचं, काम तिचं. जपानमध्ये एक वर्षभराचं प्रशिक्षण होतं, अभिनय आणि चित्रपट दोन्हींचं. प्रवेशासाठी स्वतः केलेली एक छोटी फिल्म ऑक्टोबरअखेर पाठवायची होती. तिचा सिंगापुरात राहायचा पासही तेव्हाच संपत होता. फिल्म झाली आणि निवड झाली तर नवा जन्म. नाहीतर गावी तिच्या मोठ्या भावाची लाँड्री होती आणि तिथे काउंटरमागे एक खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवलेली होती. त्या खुर्चीबद्दल बोलताना तिचा आवाज बदलायचा. भाऊ चांगला होता, खुर्चीही चांगलीच असणार. पण तिला ती नको होती.

अशा वेळी आई आली, दोन महिन्यांसाठी. टॅक्सीतून उतरताच तिने हवा हुंगली आणि म्हणाली, "कुणीतरी पाला जाळतंय गं. तक्रार कर."

"आई, तो दुसऱ्या देशातून येतोय."

"मग त्या देशाकडे तक्रार कर."

वर आल्यावर मिनाकोने कमरेत वाकून नमस्कार केला. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तो जेमतेम खांद्यापर्यंत पोचला, आणि नाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मिनाकोची मीना झाली. मीनाने काही हरकत घेतली नाही. पुढे तर फोनवर स्वतःच "मीना बोलते" म्हणायला लागली, मराठीत.

खिडक्या बंद, बाहेर मळकट पिवळा उजेड, आत पंखा फिरतोय. आईला खाली फिरायला जाता येईना, मला सुट्टीच्या दिवशी कुठे नेता येईना. तिघी घरातच. तालमीही घरातच. मिनाको स्टँडला फोन लावून समोर उभी राहायची आणि जपानीत बोलायची. फिल्मची गोष्ट अगदी साधी होती. एक भाडेकरू मुलगी सामान आवरून घर सोडते. घरात एक म्हातारी बाई आहे, ती काही बोलत नाही, बघत राहते. शेवटी घरातली मुलगी दारात तिला निरोप देते. संपलं. म्हातारीचं काम घरमालकिणीने करायचं ठरलं होतं, पण धुराने तिचा खोकला वाढला आणि ती मुलाकडून हलेना.

दोन-तीन दिवस आई सोफ्यावर बसून हे बघत होती. मिनाको वाक्याला सुरुवात करायची आणि नकळत तिची हनुवटी वर जायची, खांदा वळायचा, चेहरा खिडकीतल्या उजेडाकडे जायचा. रडण्याच्या वाक्यालासुद्धा ती उजेड शोधायची.

"पोरगी गुणी आहे," आई मला म्हणाली. "पण तिचा चेहरा अजून नोकरीवर आहे."

तिसऱ्या दिवशी तिने पुण्याहून आणलेले कडवे वाल भिजवले. मोड आल्यावर परात खाली मांडली, मिनाकोला समोर बसवलं आणि डाळिंब्या कशा सोलायच्या ते दाखवलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे. दाणा गुळगुळीत, साल चिवट, जोर जास्त झाला तर डाळिंबी उडून सोफ्याखाली. हिचे पहिले पंचवीस-तीस दाणे घरभर गेले.

"आता बोल म्हणावं," आईने मला सांगितलं. "वाक्यं बोल, पण वाल थांबवायचे नाहीत."

मिनाको बोलायला लागली. सोलता सोलता, मान खाली, केस तोंडावर. एक दाणा निसटला तेव्हा वाक्याच्या मध्येच तिच्या तोंडून वैतागाचा एक आवाज आला आणि तिने वाक्य पुढे नेलं. मला जपानीचं अक्षर कळत नाही. तरीही मी हातातलं काम सोडून ऐकत राहिले. पहिल्यांदाच ती कुणाला काही दाखवत नव्हती.

संपल्यावर तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हातांना काम दे, मग चेहऱ्याला सुट्टी मिळते." मी भाषांतर केलं. मिनाकोने ते तीनदा म्हणायला लावून लिहून घेतलं. त्या संध्याकाळी आम्ही डाळिंब्यांची उसळ खाल्ली आणि मिनाकोने दोनदा वाढून घेतली.

म्हातारीचं काम आईने करावं हे तिथेच ठरलं. आई आधी साफ नाही म्हणाली. मग तिने अट घातली, "मी बोलणार नाही." म्हातारीला वाक्यच नव्हतं, त्यामुळे अट सोपी होती. निरोप देणाऱ्या मुलीचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकच वाक्य. मिनाकोचं म्हणणं असं की प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलायचं, मी मराठीत बोलायचं. वाक्य आईनेच सुचवलं. घरातून निघणाऱ्याला आपण काय म्हणतो? "पोचलीस की कळव." दुसरं काय म्हणणार?

मग आईने बाजारातून एक शंभरपानी वही आणली. मिनाको वाक्य म्हणायची आणि आई ते देवनागरीत उतरवून घ्यायची, कानाला जसं पडलं तसं. लाल पेनाने थांबायच्या जागांना खुणा. घर सोडताना जपानी माणूस म्हणतो, तुम्ही माझी काळजी घेतलीत, ते शेवटचं वाक्य वहीत असं आहे: "ओसेवा नि (इथे थांबते, घाई नको) नारिमाशिता." मी म्हटलं, "आई, तुला यातलं काही कळतंय का?" ती म्हणाली, "मला नाटकातली संस्कृत श्लोकबाजी कुठे कळायची? कळण्याचं काम नटाचं. माझं काम तो कुठे अडेल ते बघायचं." मग म्हणाली, "अडणं दोन प्रकारचं असतं बघ अदू. विसरणं आणि थांबणं. विसरलेल्याला वाक्य द्यायचं. थांबलेल्याला दिलंस तर त्याचा घात होतो. एकोणीस वर्षांत मी एवढंच शिकले."

चित्रीकरण ऑक्टोबरच्या सुरुवातीला. कॅमेऱ्यामागे वेई लिंग, मिनाकोची मैत्रीण, फिल्मचा अभ्यासक्रम करणारी बारीकशी मुलगी. पहिला प्रसंग जेवणाच्या टेबलाचा. मिनाको वाल सोलत सोलत तिच्या लहानपणच्या बंदराबद्दल बोलते, आई समोर बसून ऐकते. तीन वेळा झाला, तिन्ही वेळा वेई लिंगने थांबवला.

"आंटी, युअर माउथ मूव्हिंग, लाह."

आईचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण मिनाकोचं प्रत्येक जपानी वाक्य आईच्या ओठांवर, तेही एक शब्द आधी. आईला कळेना. "मी कुठे काही बोलले?" वेई लिंगने तिला छोट्या पडद्यावर दाखवलं, तेव्हा ती इतकी ओशाळली की पदराने तोंड झाकून घेतलं. ओठ मिटून बसली तर गाल हलायला लागले. पान-सुपारी चघळण्याचा अभिनय सुचवला मी, तर ओठ सुपारीच्या तालात जपानी बोलायला लागले. वेई लिंग म्हणाली, धूर आहेच, आंटीला मास्क लावू. सगळ्यांना पटलं. माझ्या आईला आयुष्यात एकदा कॅमेऱ्यासमोर यायचं होतं आणि तिथेही तिचं तोंड झाकायची वेळ आली होती.

मिनाको मात्र पडद्याशी बसून राहिली होती. एकच तुकडा परत परत बघत. मग उठली आणि म्हणाली, "मास्क नको. काहीच बदलू नका." तिने मला समजावलं, आणि मी आईला: या म्हातारीला मुलीचं बोलणं आधीपासून माहीत आहे. मुलगी काय सांगणार, कुठे अडणार, सगळं. ती नुसती सोबत म्हणतेय. मिनाकोने लिहिताना जे शोधलं होतं आणि सापडलं नव्हतं, ते आईच्या खोडीत बसलेलं होतं.

"म्हणजे चूक ठेवायची?" आईने विचारलं.

"ठेवायची."

"अरे देवा. एकोणीस वर्षं लपवली ती," आई म्हणाली.

शेवटचा प्रसंग राहिला होता, दारातला. आईचं रविवारी विमान. शुक्रवारी दुपारी पाऊस आला, धो धो, आणि शनिवारी उठून बघतो तर आकाश निळंशार. कॉरिडॉरमध्ये लख्ख ऊन, समोरच्या ब्लॉकवरचे कपडेसुद्धा मोजता येत होते. सगळ्या सिंगापूरने मोकळा श्वास घेतला, आमच्या घरात सुतक. आधीचे सगळे प्रसंग धुरातले. मुलगी धुरात जेवायला बसून उन्हात घराबाहेर पडली असं दाखवणार कसं? मिनाको खिडकीशी बसून होती. लाँड्रीतली ती खुर्ची मला तिच्या पाठीमागे दिसायला लागली. आईने देवासमोर उदबत्ती लावली आणि हात जोडले. मी विचारलं, काय मागितलंस? ती म्हणाली, "काय मागणार? धूर. जन्मात पहिल्यांदा. तोही हसला असेल."

तीनच्या सुमाराला वारा फिरला. आधी वास आला, मग समोरच्या ब्लॉकचा रंग उडाला. चार वाजेपर्यंत सूर्याकडे पुन्हा बघता यायला लागलं. मिनाको धावत आली आणि आईला तिने उचललंच.

दाराचा प्रसंग. मी उंबऱ्याच्या आत, मिनाको बाहेर, पाठीवर पिशवी. आईचं या प्रसंगात काम नव्हतं, म्हणून ती आपल्या हक्काच्या जागी, कॅमेऱ्याच्या बाजूला, मायक्रोफोनच्या खाली स्टुलावर वही घेऊन बसली. मिनाकोने ते वाक्य म्हटलं, मध्ये थांबली, लाल खुणेइतकीच थांबली, आणि वाकली. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी माझं वाक्य विसरले. तीन शब्द. पीएचडी झालेली बाई. आईने हळूच दिलं, वेई लिंगने कट म्हटलं, दुसऱ्या वेळी मी नीट बोलले. फिल्ममध्ये ती दुसरी वेळ आहे.

रविवारी विमानतळावर मी आईला विचारलं, "मीना पण थांबली होती मध्ये. तिला का नाही वाक्य दिलंस?" आई म्हणाली, "ती थांबली होती. तू विसरली होतीस." आणि आत जाताना मागे वळून, काचेपलीकडून, तिने ओठांनी काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही. ती काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे.

मिनाकोची निवड झाली. निवडणाऱ्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा की त्या वयस्कर बाई जपानच्या कुठल्या भागातल्या? फिल्म आईने पुण्यात लॅपटॉपवर बघितली आणि कळवलं, "बरी झालीय. माझे ओठ फार हलतात." पुढे मिनाकोला छोटी कामं मिळाली, एकदा दवाखान्यातली नर्स, एकदा कुणाची तरी वहिनी. मग ती दुसऱ्यांच्या फिल्मवर साहाय्यक झाली, मग स्वतःच्या दोन केल्या. जाहिरातीतला चेहरा तिने हळूहळू परत करून टाकला. गेल्या वर्षी फोनवर दिसली तेव्हा केस कसेही बांधलेले, डोळ्यांखाली काळं, आणि इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी संशोधन सोडलं. करार संपला, पुढचा मिळाला नाही, निखिलशी लग्न झालं, इरा झाली, आणि आता पाया लेबारच्या एका ऑफिसात माहितीचे तक्ते सांभाळते. सकाळी बिशानला गाडी बदलते तेव्हा एकाच फलाटाच्या एका बाजूने बुओना व्हिस्टाची गाडी सुटते, दुसऱ्या बाजूने माझी. कधीकधी चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहते. आईला हे एकदा फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "थांबलीयस की विसरलीयस, तेवढं स्वतःशी बघ." मी बघायचं टाळलं. अजून टाळते आहे.

आई गेली ती झोपेत. मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. मिनाकोने तेव्हा मोठा मेसेज लिहिला होता, सही "मीना" अशी देवनागरीत.

परवा धुराचा फोटो काढून मी तिला पाठवला. खाली सहज लिहिलं, इरा आजीचा आवाज विचारते आणि मला काढून दाखवता येत नाही. दिवसभर उत्तर नाही. काल दुपारी, शाळेची सुट्टी म्हणून इरा माझ्याजवळ बसून चित्र रंगवत होती, तेव्हा फाइल आली. सोबत दोन ओळी: "मी जुनी कुठलीच डिस्क टाकत नाही. हा टेक आपण वापरला नाही, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज होता."

मी इराला मांडीवर घेतलं आणि फाइल लावली.

दार. माझ्या मागे ते जुनं घर, मिनाकोच्या मागे धुराने भरलेला कॉरिडॉर. मी केवढी बारीक होते. मिनाको म्हणते, थांबते, पुढे म्हणते, वाकते. सरळ होते. आता माझं वाक्य. मी बोलत नाही. नुसती तिच्याकडे बघतेय. एक क्षण, दोन, तीन.

"मम्मा, यू फॉरगॉट, इझ इट?" इराने विचारलं.

आणि मग पडद्याच्या उजवीकडून, कुणी दिसत नाही तिथून, अगदी खाली, श्वासाचासुद्धा आवाज न करता, पण एकेक अक्षर स्पष्ट:

"पोचलीस की कळव."

मग वेई लिंगचं कट. मग आईचं हसणं, आणि "विसरली बघ, गाढव." तिथे फाइल संपते.

मी रडले. इराच्या डोक्यावर हनुवटी ठेवून पुष्कळ रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. आई आयुष्यभर तिसऱ्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलली. त्या दिवशी मी माझं वाक्य नीट म्हटलं असतं तर आज तिचा एक शब्दही माझ्याकडे नसता. मी विसरले, म्हणून ती राहिली.

इराने फाइल परत लावली. परत लावली. संध्याकाळी मी स्वयंपाक करत असताना ती बाहेरच्या खोलीत एकटीच लावत होती. त्या मधल्या शांततेनंतर आईचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, आणि प्रत्येक वेळी मी फोडणी टाकता टाकता थांबायचे. मिनाकोला उत्तर म्हणून माझ्याकडे राहिलेल्या आईच्या वहीतलं वाक्य देवनागरीतच पाठवलं, आईने लिहिलं होतं तसं, लाल खुणेसकट.

आज सकाळी ऑफिसला निघाले. धूर होताच. निखिल घरून काम करतोय, इरा दारात आली. मी बूट घातले, मास्क लावला, पिशवी खांद्याला अडकवली. इरा उंबऱ्याच्या आत उभी. मी वाट बघितली, ती बाय म्हणेल म्हणून. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती. मग आवाज एकदम खाली आणून, थोडासा पुढच्या दातांतून सोडून, मराठीत म्हणाली, "पोचलीस की कळव."

मला जे इतके प्रयत्न करून जमलं नव्हतं, ते तिला जमलं होतं.

लिफ्टने खाली आले. बिशानला गाडी बदलली, आज बरोबर बाजूला उभी राहिले. पाया लेबारला उतरून वर रस्त्यावर आले, मास्क खाली केला आणि सगळ्यात आधी घरी फोन लावला.

"पोचले," मी म्हटलं.